पडद्यामागचे गडी

संगणक चालू करून तुम्ही नुसते स्वस्थ बसलात, एकही बटण दाबले नाही, तरी आत काहीतरी चाललेले असते. डबा घरघरतो, छोटा दिवा लुकलुकतो, पंखा मध्येच जोरात फिरू लागतो. पडद्यावर तर काहीच उघडलेले नाही! मग हे काम कोण करीत आहे? कोणाच्या सांगण्यावरून? आणि त्यांपैकी कोणाला घरी पाठवले तर आपले काही अडणार नाही? लिनक्स घातलेल्या घरगुती संगणकाबाबत या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

हा विचार आताच का, तर त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल थांबवली. पुढची आवृत्ती चालवण्याइतके जे संगणक नवे नाहीत, ते एका दिवसात मोडीत निघाले असे नाही. पण त्यांच्या मालकांना दुसरी सोय पाहणे भाग पडले. आमच्या नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात कचेऱ्यांची रांगच रांग आहे. कचेऱ्यांतून काढून टाकलेले लॅपटॉप वापरलेल्या मालाच्या दुकानांतून फिरत फिरत पनवेल, उरण, कर्जतपर्यंत आणि त्याही पलीकडे शाळांत व घरांत पोहोचतात. असा लॅपटॉप हाती आला की कोणीतरी जाणता सांगतो, 'यावर लिनक्स घाला, फुकट आहे, हलके आहे.' फुकट आहे हे खरेच. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहून जगापुढे मोकळा ठेवला. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने, जिचे एक केंद्र आमच्या खारघरलाही आहे, २००७ साली 'बॉस' नावाचे भारतीय लिनक्स काढले. मात्र 'हलके आहे' हे म्हणणे अर्धेच खरे. कारण लिनक्स घालून देणारा कोणत्या घरी काय लागेल हे ओळखत नसतो. तो सगळ्यांसाठी सगळे गडी कामाला लावून ठेवतो.

या गड्यांना इंग्रजीत 'डीमन' म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'प्रोजेक्ट मॅक' नावाचे काम चालू होते. तेथील मंडळींनी हे नाव मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या एका कल्पनेवरून घेतले. मॅक्सवेलने १८६७ साली असा एक न दिसणारा, न थकणारा दारवान कल्पिला होता, की जो झडपेशी बसून वायूचे वेगवान कण एका बाजूला आणि मंद कण दुसऱ्या बाजूला धाडीत राहतो. आपल्याकडे गोष्टीतला वेताळ असतो ना, मालकाने काम सांगितले की करतो आणि दिसत नाही, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की आपल्या संगणकावर असे वेताळ पन्नास-साठसुद्धा असू शकतात आणि त्यांतले पुष्कळसे आपण कधी बोलावलेलेच नसतात. लिनक्सच्या बोलीत त्यांना 'सर्व्हिस', म्हणजे सेवा, असेही म्हणतात.

या सर्वांवर एक मुकादम असतो. हल्ली बहुतेक लिनक्समध्ये त्याचे नाव 'सिस्टमडी'. २०१० साली तो प्रथम लिहिला गेला आणि २०१५ पर्यंत डेबियन व उबुंटू या मोठ्या घराण्यांनीही त्याला स्वीकारले. संगणक उठला की पहिला उठतो तो हा मुकादम. त्याचा हजेरी क्रमांकच एक. मग तो बाकीच्यांना उठवतो. त्याच्याशी बोलावयाचे असेल तर टर्मिनल उघडून 'सिस्टमसीटीएल' या नावाने हाक मारावी लागते. (अक्षरे अर्थात रोमन लिपीत टंकायची, मी येथे उच्चार देत आहे.) 'सिस्टमसीटीएल' या शब्दापुढे 'लिस्ट-युनिट्स', त्यापुढे 'टाइप' बरोबर 'सर्व्हिस' आणि 'स्टेट' बरोबर 'रनिंग' असे लिहिले, आणि 'टाइप' व 'स्टेट' या दोन शब्दांआधी दोन-दोन आडव्या रेघा दिल्या, की आज हजर असलेल्या गड्यांचे हजेरीपत्रक समोर येते. घाबरू नका, नुसते पाहण्याने काही बिघडत नाही.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. गडी कमी केले की संगणक घोड्यासारखा धावू लागेल, ही अपेक्षा सोडा. स्वस्थ बसलेला एखादा गडी थोडीशीच स्मृती अडवतो. तुमच्या ब्राउझरची चार पाने उघडली की त्याच्या कित्येक पट स्मृती जाते. जुन्या लॅपटॉपचा वेग खरोखर वाढवावयाचा असेल तर फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवा, आणि वजनदार डेस्कटॉपऐवजी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा साधा डेस्कटॉप घ्या. मग गडी कमी करावयाचे तरी कशाला? एक तर काही थोडे गडी खरोखरच खादाड असतात. दुसरे आणि माझ्या मते मोठे कारण असे, की काही गडी घराच्या दाराशी उभे राहून बाहेरच्या माणसांशी बोलतात. ज्याच्याशी आपल्याला काम नाही असा माणूस आपले दार उघडे धरून उभा राहावा, हे कोणाला आवडेल?

याचे ताजे उदाहरण सांगतो. लिनक्समध्ये छपाईचे काम 'कप्स' ही सेवा पाहते. तिचा एक मदतनीस आहे, 'कप्स-ब्राउज्ड'. शेजारीपाजारी जाळ्यावर कुठे प्रिंटर आहे काय, याची चौकशी ठेवणे हे त्याचे काम. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकाने दाखवून दिले की हा मदतनीस ६३१ क्रमांकाच्या दारावर बसून कोणाचाही निरोप खरा मानतो. 'मी प्रिंटर आहे' असे कोणी भामट्याने सांगितले की त्याचे नाव तो यादीत घालून घेई. आणि त्या खोट्या प्रिंटरकडे घरच्या माणसाने एखादा कागद छापावयास पाठवला की भामट्याची आज्ञा आपल्या संगणकावर चाले. पुढे दुरुस्त्या आल्या. पण विचार करा, किती घरांत प्रिंटर नव्हताच आणि तरीही हा मदतनीस दारात बसलेला होता!

तेव्हा पहिली पाहणी दारांची करा. 'एसएस' असा हुकूम आहे. त्यापुढे एक आडवी रेघ देऊन टी, यू, एल, पी, एन ही पाच अक्षरे लिहावयाची, आणि आरंभी 'सुडो' म्हणजे मालकाचा अधिकार. कोणता गडी कोणत्या दारावर कान देऊन बसला आहे ते दिसते. ज्याच्यापुढे १२७ ने सुरू होणारा पत्ता आहे तो घरातल्या घरातच बोलतो. त्याची काळजी नको. ज्याच्यापुढे चार शून्ये, किंवा चौकटी कंसात दोन टिंबांच्या दोन जोड्या, असा पत्ता आहे, तो कोणत्याही वाटेने आलेल्याशी बोलावयास तयार आहे. येथे २२ क्रमांकावर 'एसएसएच' दिसला तर थांबा. दुरून संगणक चालवण्याची ही सेवा आहे आणि उबुंटूच्या घरगुती आवृत्तीत ती मुळात घातलेली नसते. म्हणजे ती कोणीतरी मुद्दाम घातली. वापरलेला लॅपटॉप असेल तर कोणी, हा प्रश्न विचारण्यासारखाच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतले सर्व संगणक एका जागेवरून सांभाळणारे शिक्षक असतील तर त्यांना ती लागेल. घरी सहसा लागत नाही. घरच्या राउटरच्या आड आपण बरेच सुरक्षित असतो हे खरे. पण तोच लॅपटॉप मुलगा वसतिगृहात घेऊन गेला की तेथे शंभर जणांचा एकच वाडा. आणि परवलीचा शब्द १२३४ असला तर मग बोलायलाच नको.

आता ज्यांना हात लावू नये ते. यांची नावे पाहून 'हे काय असेल बुवा' असे वाटते आणि तेथेच घात होतो. 'डीबस' हा घरातला निरोप्या; त्याच्याशिवाय एक गडी दुसऱ्याशी बोलू शकत नाही. 'यूडेव्ह' हा पेनड्राइव्ह लावला की ओळखतो. 'लॉगिंड' कोण आत आले कोण गेले ते पाहतो, 'जर्नलडी' रोजनामचा लिहितो, 'पोलकिट' कोणाला कशाची परवानगी आहे ते ठरवतो. 'नेटवर्कमॅनेजर' आणि 'डब्ल्यूपीए-सप्लिकंट' या जोडीने वायफाय चालते. दुसऱ्याचे नाव विचित्र म्हणून त्याला घालवले तर इंटरनेट गेले म्हणून समजा. जीडीएम किंवा लाइटडीएम हा तुम्हाला प्रवेशाचा पडदा दाखवतो. ही मंडळी राहू द्या.

यांतच 'टाइमसिंकडी' आहे, त्याच्याबद्दल दोन शब्द जास्त. हा इंटरनेटवरून घड्याळ मिळवून घेतो. 'आम्हाला वेळ कळते, भिंतीवर घड्याळ आहे' असे म्हणून त्याला काढू नका. जुन्या संगणकाच्या आत रुपयाएवढी एक बॅटरी असते. ती संपली की संगणक बंद केल्यावर त्याचे घड्याळ मागे जाते, कधी कित्येक वर्षे. मग कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडताना ब्राउझर म्हणतो की या स्थळाचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही, आणि पान दाखवत नाही. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी हे झाले म्हणजे माणूस इंटरनेटला शिव्या देतो. चूक घड्याळाची असते.

आता मधले गडी, म्हणजे ज्यांचा निर्णय घरागणिक वेगळा. ब्लूटूथचे पाहा. बिनतारी कर्णे, माउस वा कळफलक त्यावर चालत असेल तर ठेवा, नाहीतर खुशाल बंद करा. 'मोडेममॅनेजर' हा सिमकार्डाच्या डोंगलसाठी असतो. शहरात फायबर आलेल्या घरी तो निरुपयोगी. पण खेड्यात डोंगलवरच इंटरनेट असेल तर त्याला हात लावू नका. फोनचे इंटरनेट तारेने किंवा हॉटस्पॉटने घेत असाल तर त्याची गरज पडत नाही. 'अवाही' जाळ्यावरचे प्रिंटर आणि इतर यंत्रे नावाने शोधतो. घरी एकच संगणक आणि प्रिंटर नाही, तर तो काय शोधणार? 'सांबा' विंडोजवाल्या संगणकांशी फोल्डर वाटून घेण्यासाठी. वाटणी नसेल तर नको. छपाई करत नसाल तर 'कप्स'ही नको. 'अपोर्ट' बिघाडाचे अहवाल गोळा करतो. घरी त्याच्यावाचून अडत नाही.

'ब्रलटीटीवाय' नावाचा एक गडी आहे. शाळांतील अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत मुले आर्डुइनोचे फळे घेऊन दिवे लावतात, सेन्सर जोडतात. त्यांतल्या स्वस्त फळ्यांवर सीएच-३४० नावाची चिप असते. उबुंटू २२.०४ आल्यावर अनेकांना असा अनुभव आला की फळा जोडला की क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. कारण शोधता हा ब्रलटीटीवाय सापडला. ती चिप म्हणजे आपलेच यंत्र असे समजून तो तिच्यावर ताबा घेत असे. झाले, उपाय म्हणून लोकांनी तो मुळासकट काढून टाकावयास सुरुवात केली, आणि तसा सल्ला सर्रास दिला जातो.

पण हा गडी आहे कोण? अंध माणसाच्या बोटांखाली पडद्यावरची अक्षरे ब्रेल ठिपक्यांत उमटवणारे जे यंत्र असते, ते चालवणारा हा. त्याच्याच पंगतीला 'स्पीच-डिस्पॅचर' बसतो, जो पडदावाचकाला आवाज पुरवतो. घरच्या संगणकावर तुम्हा कोणाला लागत नसेल तर काढायला हरकत नाही. तुमचे घर, तुमचा हिशोब. शाळेच्या संगणकावर मात्र 'आम्हाला लागत नाही' यातला 'आम्ही' कोण, हे आधी विचारावे. पुढच्या जूनमध्ये पाचवीत एखादी दृष्टिहीन मुलगी आली आणि तिच्या बाईंनी संगणक लावून दिला, तर तो मुका का झाला हे त्या वेळी कोणाला आठवणार आहे? फळ्याची अडचण असेल तर एका संगणकावर तो गडी थांबवा, बाकीच्यांवर राहू द्या, आणि काय केले ते लिहून ठेवा. मराठी टंकनाचेही असेच. 'आयबस' हे नाव अनोळखी म्हणून कोणी घालवतो. इनस्क्रिप्ट मांडणीवर लिहिणाऱ्याचे पुष्कळदा त्याच्यावाचून भागते, पण उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरे दाबून मराठी लिहिणाऱ्याची लेखणीच जाते.

आता त्या घरघरीकडे येऊ. काही गडी सतत जागे नसतात. घंटा झाली की उठतात. शाळेत शिपाई जशी तासाची घंटा देतो, तशा या घंटांना 'टायमर' म्हणतात आणि 'सिस्टमसीटीएल'पुढे 'लिस्ट-टायमर्स' लिहिले की वेळापत्रक दिसते. नवी दुरुस्ती आली काय ते पाहणे, जुने रोजनामचे आवरणे, एसएसडीची आठवड्याची झाडलोट, असली कामे यात असतात. आता गंमत अशी, की घरचा संगणक काही रात्रंदिवस चालू नसतो. घंटेच्या वेळी तो बंद असला तर यांतील पुष्कळ कामे मुकादम लक्षात ठेवतो आणि संगणक उठल्या उठल्या उरकून घेतो. चार दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाने शाळेत आल्याबरोबर सगळा गृहपाठ लिहायला बसावे तसे. म्हणून आठवड्याने एकदा उघडलेला संगणक पहिली काही मिनिटे हळू चालतो. यासाठी दुरुस्त्यांची सेवाच बंद करणे हा रोगापेक्षा जालीम उपाय झाला. 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हा गडी सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवतो; कप्सच्या भोकाला बूच बसले ते अशा दुरुस्त्यांमुळेच. संगणक चालू करा, चहा घेऊन या, मग कामाला बसा.

खेड्यात याहून मोठा प्रश्न डेटाचा. फोनच्या पॅकवर इंटरनेट, मुलीला धडा पाहावयाचा आहे, आणि तिच्याआधी दुरुस्त्यांनीच दिवसाचा डेटा संपवला! यावर बंदीपेक्षा चांगला मार्ग आहे. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या तपशिलात 'या जोडणीला डेटाची मर्यादा आहे' अशा अर्थाची एक चौकट असते. तीत खूण करा. मग आपोआप उतरवली जाणारी पुष्कळशी कामे वाट पाहतात. पंधरा दिवसांतून एकदा शाळेच्या किंवा ओळखीच्या वायफायवर नेऊन दुरुस्त्या घालून घ्याव्यात.

खादाड गडी म्हणालो होतो तो म्हणजे फाइलींची सूची करणारा. ग्नोम डेस्कटॉपवर त्याचे नाव बरीच वर्षे 'ट्रॅकर' होते, २०२४ पासून 'लोकलसर्च', केडीईवर 'बालू'. लग्नाचे हजारो फोटो आणि जुन्या प्रश्नपत्रिका एकदम उतरवल्या की हा एकेक उघडून पाहत बसतो आणि फिरत्या तबकडीला दम लागतो. त्याला हुकमाने घालवण्यापेक्षा सेटिंगमधील शोधाच्या पानावर जाऊन कोणते फोल्डर पाहावयाचे ते कमी करा.

काढावयाचे ठरले तर कसे काढावे? तीन हुकूम आहेत आणि तिघांचे अर्थ वेगळे. 'स्टॉप' म्हणजे आजची सुट्टी. उद्या संगणक चालू केला की गडी पुन्हा हजर. 'डिसेबल' म्हणजे उद्यापासून आपणहून येऊ नकोस. पण आज चालू आहे तो चालूच राहतो, आणि दुसऱ्या कोणी हाक मारली तर उद्याही येतो. 'मास्क' म्हणजे दाराला कुलूप, कोणीही हाक मारली तरी येणे नाही. कप्सला डिसेबल करूनही तो पुन्हा दिसतो म्हणून लोक वैतागतात. त्याचे कारण त्याच्या दारावर एक वेगळी घंटी टांगलेली असते, तिला 'सॉकेट' म्हणतात. घंटी वाजली की मुकादम त्याला उठवणारच. तेव्हा सेवेबरोबर तिचे सॉकेटही डिसेबल करावे. कप्सला आणखी 'पाथ' नावाची तिसरी दोरी आहे, तीही. मास्कचे कुलूप घरगुती वापरात क्वचितच लागते.

उठायला वेळ कोणामुळे लागतो ते पाहण्यासाठी 'सिस्टमडी-ॲनलाइझ'पुढे 'ब्लेम' लिहितात. यादीत वर ज्याचे नाव त्याला लगेच दोषी धरू नका. हे गडी एकाच वेळी उठतात. एकाला दहा सेकंद लागले तरी तुमची दहा सेकंदे गेली असे होत नाही. 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' बहुधा वरच असतो. इंटरनेट येईपर्यंत थांबून राहणे एवढेच त्याचे काम, आणि चालू होतानाच दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर जोडावयाचे नसेल तर तो घरी डिसेबल करण्यास हरकत नाही.

एका बैठकीत एकच सेवा बंद करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि चार-आठ दिवस नेहमीसारखा वापरा. दहा सेवा एकदम बंद केल्या आणि आवाज गेला, तर दहांतील कोणी नेला हे शोधत बसावे लागते. प्रवेशाचा पडदाच आला नाही, नुसता काळा पडदा दिसला, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ ही बटणे एकत्र दाबा. अक्षरांचा साधा पडदा बहुधा येतो. तेथे नाव व परवलीचा शब्द देऊन जो गडी काढला त्याच्या नावापुढे 'एनेबल' हुकूम द्यावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

शिक्षकांना हे हाताने करून पाहावयाचे असेल तर आयआयटी मुंबईतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक हुकूम मराठी आवाजातही समजावून दिले आहेत. टर्मिनल म्हणजे काय येथपासून सुरुवात आहे. शाळेत शंभर पानी वही घ्या, प्रत्येक संगणकाला एक पान द्या. तारीख, सेवेचे नाव, थांबवली की डिसेबल केली, कोणी आणि कशासाठी, एवढे रकाने पुरतात. बदली होऊन दुसरे शिक्षक आले तर वही त्यांच्या हाती द्यावी. परवलीचा शब्द मात्र त्या वहीत लिहू नका.